फोनवरची घोडी आणि सारंगखेड्याची घोडी

घोडी घ्यायला 2024 साली मी दोन्ही वाटा धरून पाहिल्या, फोनवरची आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची, म्हणून लिहितोय. फोनवरच्या खरेदीला पाचपैकी एक तारा, तोही व्हिडिओतलं गाणं बरं होतं म्हणून.

दिवाळीनंतर एका ग्रुपवर कुमेद, म्हणजे तांबूस रंगाची घोडी आली. पंचेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ, खाली मजकूर: काठेवाडी, चार दाती (म्हणजे दुधाचे चार दात पडून पक्के आलेले), रेवाल चाल (स्वाराला हिसके न देणारी), एकदम गरीब. मी लिहिलं, उजव्या बाजूनं दाखवा. उत्तर, ‘भाऊ, घोडी ओके आहे.’ दात दाखवा म्हटलं, तर तोच व्हिडिओ परत, फक्त गाणं बदललेलं. लंगडते का? ‘तुम्ही या तर.’ खूर उचलू देते का? दोन निळ्या खुणा, बस. तरी मी पाच हजार इसार पाठवला. घरात बायको म्हणाली, म्हशीला इतकं विचारता, हिला का नाही? मी कुठं विचारलं नव्हतं? उत्तरच येत नव्हतं.

पिकअप घेऊन दीडशे किलोमीटर गेलो. उजव्या डोळ्यात फूल. त्या बाजूनं हात फिरवला तर पापणी हलली नाही. ओठ वर केला तर खालचे सहाच्या सहा दात बदललेले. मधले दोन अडीच वर्षांच्या सुमारास बदलतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. इथं मधल्या दोघांवरचे खड्डेसुद्धा घासून सपाट झालेले, म्हणजे सहा वर्षं तरी उलटलेली. मी डोळ्यावर बोट दाखवलं. मालक शांतपणे म्हणाला, ‘डोळ्याचं तुम्ही विचारलंच नाही.’ इसार गेला तो गेलाच.

आता विकणाऱ्याची बाजूही सांगतो, कारण त्याआधीच्या उन्हाळ्यात मी माझं शिंगरू विकायला काढलं होतं. उंची, वय, आई-बाप सगळं लिहिलं, किंमतही लिहिली. पहिला निरोप आला, ‘किंमत?’ दुसरा, ‘लास्ट बोला.’ रात्री साडेअकराला एकानं फोन करून विचारलं, नाचतं का? एक जण रविवारी येतो म्हणाला. शिंगरू धुतलं, खरारा केला, चहाचं दूध वेगळं काढून ठेवलं. माणूस आला नाही, फोनही उचलला नाही. चार महिन्यांनी त्याच नंबरावरून पुन्हा ‘लास्ट बोला’. असं झालं की विकणाराही हळूहळू एका शब्दात उत्तरं द्यायला लागतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

मग नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला गेलो. तिथला घोडेबाजार दत्त जयंतीच्या यात्रेत भरतो, आणि 2024 ची दत्त जयंती 14 डिसेंबरला होती. दोंडाईच्याहून तापीचा पूल ओलांडला की धुळीचा वास येतो. एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं आणि सकाळी सातलाच बाजारात शिरलो. दुपारनंतर जाऊ नका, तेव्हा घोड्यांपेक्षा फोटो काढणारे जास्त. पंजाबकडचे पांढरे नुकरे, मारवाडी, काठेवाडी, सगळे ओळीनं बांधलेले. लाखालाखाच्या गप्पा ऐकून पोट भरतं, पण आपल्याला परवडणारं जनावर कडेच्या रांगेत सापडतं.

तिथं एका म्हाताऱ्या आप्पांची घोडी दिसली. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच तिचा ओठ वर केला. ‘दात देखी ल्या, नाना.’ खरोखर चार दाती. डोळ्याखाली आसूढाळ, म्हणजे अशुभ मानतात तो केसांचा भोवरा, नाही हे दाखवलं (मी भोवऱ्यांवर फारसा विश्वास ठेवत नाही, पण पुढं विकताना गिऱ्हाईक ठेवतं). कडक रस्त्यावर चालवली, मग दुडकी. रक्ततपासणीचा कागद मागितला, तोही निघाला. तो मागाच, ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो.

मग आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला, भाव त्याखाली बोटांनीच ठरवायचा. बाजूला दहा-बारा जण उभे, कुणाला काही कळत नाही. माझी दोन बोटं दाबली, मी एक सोडलं, त्यांनी पुन्हा धरलं. तोंडानं आम्ही कापसाच्या भावावर बोलत होतो. त्यांच्या तळहाताला दोरीचे घट्टे होते आणि हात गरम होता. एक लाख दहावर बोटं थांबली.

पैसे मोजायच्या आधी ते म्हणाले, ‘एक खोड सांगून ठेवतो. गाडीत चढायला त्रास देते.’

दिला. पावणेदोन तास. फळीपाशी यायची, कान मागं पाडायची आणि मागं सरकायची. आप्पांनी आपलं पोतं फळीवर अंथरलं, वर भुसा टाकला, स्वतः आधी आत चढले आणि तिच्याशी काहीतरी पुटपुटत बसले. घोडी चढली तेव्हा त्यांची जेवणाची वेळ टळून गेली होती. भाकरी माझ्या डब्यातली खाल्ली, भरीत मात्र त्यांचं.