मेटालेन्स: मध्यभागी चोख, कडेला सांभाळून

आमच्या ऑप्टिकल टेबलावर सध्या ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी घेतलेली मेटालेन्स आहे, म्हणजे बारीक खांबांनी प्रकाश एकवटणारी सपाट लेन्स. ती भौमितिक फेजवाली आहे: फेज, म्हणजे प्रकाशलहर किती पुढे-मागे आहे ते, खांब फिरवून ठरतं. काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचे ६०० नॅनोमीटर उंच, चपटे खांब, दर ३२५ नॅनोमीटरवर एक. न्यूमरिकल अॅपर्चर (लेन्स किती तिरपा प्रकाश एकवटते त्याचं माप) ०.८. कंपनीचं नाव घेत नाही.

आधी कौतुक. हिरवा लेझर सोडून क्वार्टर-वेव्ह प्लेट (लेझरला सर्क्युलर पोलरायझेशन देणारी चकती) ९० अंशांनी फिरवली, की लख्ख ठिपका गायब! सर्क्युलर पोलरायझेशनची, म्हणजे प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राच्या गोल फिरण्याची, दिशा उलटली आणि तीच लेन्स प्रकाश पसरवायला लागली. खांब सगळे एका मापाचे, फरक फक्त कोण किती फिरलाय याचा. खांब जितका फिरवाल त्याच्या दुप्पट फेज. भारतीय भौतिकशास्त्रज्ञ पंचरत्नम यांनी १९५६ साली कागदावर मांडलेलं हे काम टेबलावर बघायला मला अजून भारी वाटतं.

कंपनीची डेटाशीट (माहितीपत्रक) मात्र हा दुपटीचा हिशेब डोळे झाकून कडेपर्यंत नेते. तो एकट्या खांबाचा हिशेब आहे. इथे खांब दाटीवाटीने उभे. प्रकाश खांबात पुरता मावत नाही, बाहेर झिरपतो आणि शेजाऱ्यापर्यंत पोचतो. चौकोनी जाळीतले सगळे खांब एकदम फिरवले तर ० आणि ९० अंशांमधला फरक बरोबर जुळतो. मधल्या कोनांना कोपरे शेजाऱ्याच्या जवळ-लांब होतात, फेज थोडी सरकते आणि किती प्रकाशाच्या पोलरायझेशनची दिशा उलटते तेही बदलतं.

लेन्समध्ये तर सगळे सारखे फिरलेलेही नसतात. मध्यभागी शेजारी जवळपास समांतर. कडेला प्रत्येक खांबामागे फेज सुमारे १७६ अंश पुढे जावी लागते, म्हणजे शेजारी ८८ अंश वळलेला, जवळजवळ काटकोनात. ‘आजूबाजूचे सगळे माझ्याच कोनात’ असं धरून केलेलं सिम्युलेशन तिथे कसं लागू पडणार?

आयरिस (प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारी झडप) अर्धी मिटलेली असताना पॉवर मीटरवरचा आकडा छापलेल्या कार्यक्षमतेच्या जवळ येतो. उघडत नेली की लेन्सवर प्रकाश वाढतो, ठिपक्यात त्या मानाने वाढत नाही. पुढचा अॅनालायझर (ठरावीक पोलरायझेशनचाच प्रकाश सोडणारा फिल्टर) काढला तर न वळलेल्या प्रकाशाचा फिकट डागही दिसतो. सगळं खापर शेजाऱ्यांवर फोडत नाही. इतक्या तिरप्या कोनात प्रकाश वळवणं मुळातच अवघड, आणि बनावटीतही उणंअधिक असणारच. पण कंपनीकडे कडेच्या खऱ्या कोनांसकट केलेलं सिम्युलेशन मागितलं, तर त्यांनी एका खांबाचाच आलेख पुन्हा पाठवला. हे पटलं नाही.

बारीक लेझर बीम मध्यावरच पडणार असेल तर खुशाल घ्या. पूर्ण अॅपर्चर वापरून इमेजिंग करायचं असेल तर कडेचा वेगळा आकडा मागा, नसेल तर थांबा. खांब लांब लांब ठेवून प्रश्न सुटेल असं कुणी सांगेल, पण ०.८ न्यूमरिकल अॅपर्चरसाठी या रंगाला खांबांमधलं अंतर ३३२ नॅनोमीटरच्या पलीकडे नेताच येत नाही. हे आधीच ३२५ वर आहेत.