व्हीएस कोडमधलं लोकल हिस्टरी, माझं दोन दिवसांचं काम वाचलं

बडोद्यात दांडिया बाजारला घरूनच वेबसाइटचं काम करते, व्हीएस कोड, म्हणजे कोड लिहायचं मायक्रोसॉफ्टचं एडिटर, रोज आठ-दहा तास उघडं असतं, पण त्यातलं लोकल हिस्टरी, म्हणजे फाइलच्या जुन्या प्रती आपोआप जपून ठेवणारी सोय, मला परवा कळलं. मंगळबाजारातल्या एका साडीच्या दुकानाची साइट चालू होती आणि सीएसएसच्या (साइटचे रंग-मांडणी ठरवणाऱ्या) फाइलवर चुकून जुनीच फाइल पेस्ट करून सेव्ह केली, एडिटर बंदही केला, म्हणजे अनडू गेलं, आणि गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, दोन दिवस कमिटच (बदलांची नोंद) केलं नव्हतं. रडूच आलं हो!

मग एक्सप्लोररच्या (व्हीएस कोडमधल्या फाइलींच्या यादीच्या) तळाशी टाइमलाइन उघडलं तर प्रत्येक सेव्हची नोंद वेळेसकट तिथे! क्लिक केलं की डावीकडे जुनं, उजवीकडे आत्ताचं, राइट क्लिक करून रिस्टोअर, झालं. २०२२ पासून आहे हे, वेगळं काही टाकायला लागत नाही, एका फाइलच्या ५० नोंदी ठेवतं, सेटिंगमध्ये वाढवता येतात. पण सेटिंग बदललं नाही तर २५६ केबीपेक्षा मोठी फाइल धरत नाही आणि हे सगळं तुमच्याच लॅपटॉपवर असतं, म्हणून गिट सोडू नका.

व्हीएस कोडमध्ये वरून टाकायची एक्स्टेन्शन (जादा सोयी) मोजकीच ठेवा, रॅम खातात. फुकटात एवढं मिळतंय, माझ्याकडून पाच स्टार.