मालिकेत क्वीअर पात्र आहे, पण शेवटपर्यंत टिकतं का? तपासणाऱ्या साइट्सचं परीक्षण

स्ट्रीमिंग ॲपवर 'एलजीबीटीक्यू' (समलिंगी, द्विलैंगिक, ट्रान्स अशा ओळखी; एका शब्दात क्वीअर) नावाचा कप्पा उघडला की पोस्टरांची रांग समोर येते. दोन बायकांच्या प्रेमावर उभी असलेली अख्खी मालिका त्या रांगेत असते, आणि तिसऱ्या भागात दोन वाक्यं बोलून नाहीशी होणारी 'नायिकेची लेस्बियन मैत्रीण' जिच्यात आहे तीही असते. कप्प्याच्या लेखी दोन्ही सारख्याच, कारण लेबल लागतं ते मालिकेला. पात्र कोण, किती वेळ दिसतं आणि त्याचं पुढे काय होतं, हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं. पाच सीझन पाहायचे म्हणजे पन्नासेक तास जातात. तेवढा वेळ गुंतवण्याआधी हे जाणून घ्यायचं असेल तर ॲपच्या बाहेर पडावं लागतं. त्यासाठी ज्या साइट्स खरोखर कामाच्या आहेत त्या इथे तपासल्या आहेत. विषयच असा आहे की दोन-तीन जुन्या मालिकांमधले मृत्यू पुढे उघड होतील; चालणार नसेल तर इथेच थांबा.

सगळ्यांत उपयोगी आहे लेझवॉच टीव्ही. स्वयंसेवकांनी चालवलेला हा कोश दूरचित्रवाणी आणि वेब मालिकांमधल्या क्वीअर स्त्रिया, ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेली) आणि नॉनबायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारी) पात्रांची नोंद ठेवतो. याची ताकद एका साध्या निर्णयात आहे: मालिकेला पान आहे तसं प्रत्येक पात्रालाही स्वतंत्र पान आहे. पात्राची लिंगओळख, लैंगिकता, भूमिका करणारी व्यक्ती, भूमिकेचं वजन (नियमित, अधूनमधून दिसणारी की पाहुणी), आणि पात्र मेलं असेल तर तारीख, एवढं सगळं तिथे मिळतं.

तारखेचा हा हट्ट उगाच आलेला नाही. चित्रपटांत काय दाखवायचं हे ठरवणारी हॉलिवूडची हेज आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे लागू झाली आणि १९६८ पर्यंत टिकली. त्या काळात समलिंगी पात्र सरळ दाखवायला बंदी होती. आडून सुचवलं तरी त्याला शिक्षा किंवा मरण ठरलेलं असे. चित्रपट-इतिहासकार व्हिटो रुसो यांनी आपल्या पुस्तकात अशा मेलेल्या पात्रांची चक्क यादी दिली आहे: कोण, कोणत्या चित्रपटात, कसं मेलं. संहिता गेली, सवय उरली. २००२ मध्ये 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'मधली टारा प्रेयसीशी दिलजमाई झाल्यानंतर लगेच भलत्यासाठी झाडलेल्या गोळीने मरते. ३ मार्च २०१६ रोजी दाखवल्या गेलेल्या 'द हंड्रेड'च्या भागात लेक्सा अगदी तशीच, प्रेमप्रसंगानंतर काही मिनिटांत, दुसऱ्याला मारलेल्या गोळीने जाते. लेक्साच्या मृत्यूनंतर प्रेक्षकांचा जो संताप उसळला त्यातून 'बरी युअर गेज' (क्वीअर पात्रांना मारून टाकण्याची सवय) हा शब्दप्रयोग सगळ्यांच्या तोंडी गेला. लेझवॉचवाल्यांनी 'आजच्या दिवशी कोणतं क्वीअर पात्र मेलं' हे दाखवणारं, वर्डप्रेसवर चालणाऱ्या साइट्सना जोडता येणारं प्लगइनही काढलं आहे. विनोद काळा आहे, पण जागेवर बसतो.

साइट वापरताना नाव इंग्रजीत शोधावं आणि मालिकेचं वर्ष ताडून पाहावं. एकाच नावाच्या दोन मालिका असतात आणि घोटाळा इथूनच सुरू होतो: १९७५ ची 'वन डे ॲट अ टाइम' आणि २०१७ ची यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, लेस्बियन मुलगी एलेना दुसरीत आहे. पान उघडल्यावर बहुतेकांची नजर गुणांवर जाते. तिथे जाऊ नका, आधी पात्रांची यादी पाहा. सगळी नावं पाहुण्या पात्रांत असतील तर मालिका कितीही चांगली असो, तुम्ही शोधताय ते तिच्यात नाही. एक-दोन नियमित पात्रं असतील तर पुढे वाचायला हरकत नाही.

त्यानंतर कथानकाच्या खुणा. 'मृत क्वीअर', 'सुखद शेवट', 'कमिंग आउट' (आपली ओळख इतरांना सांगणं) अशा अर्थाची लेबलं मालिकेला लावलेली असतात. 'मृत क्वीअर' दिसलं की मालिका बाजूला टाकायची, ही सर्रास होणारी चूक. पोलीस तपासाच्या मालिकेत दर आठवड्याला एक प्रेत लागतं. त्यांतलं एखादं प्रेत समलिंगी व्यक्तीचं असलं की खूण लागते, भले मुख्य जोडपं दहा सीझन सुखाने नांदत असो. म्हणून मृत पात्राच्या पानावर जाऊन त्याची भूमिका पाहायची. पाहुणं पात्र मेलं असेल तर तो लेखकांचा आळस म्हणता येईल. नियमित पात्र मेलं असेल तर कोणत्या सीझनमध्ये, ते मालिकेच्या भागांच्या तारखांशी ताडून काढता येतं. त्या सीझनच्या आधी थांबायचं की पुढे जायचं हे मग आपल्या हातात राहतं, आणि ही सोय दुसरीकडे क्वचितच मिळते.

गुण तीन गोष्टींना आहेत: पात्रं किती खरी वाटतात, मालिकेचा दर्जा आणि पात्रांना पडद्यावर मिळालेला वेळ. प्रत्येकी पाचपैकी. तिन्ही वेगवेगळे वाचावेत. दर्जा पाच आणि पडद्यावरचा वेळ एक म्हणजे उत्तम मालिका, चुकीचा प्रेक्षक. उलट, वेळ पाच आणि दर्जा दोन अशा मालिका पुष्कळांच्या लाडक्या असतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सोबत 'पाहावी का' याचं उत्तर हो, ठीक-ठीक किंवा नाही असं दिलेलं असतं, कारणासह. हे कारण गुणांपेक्षा जास्त सांगून जातं, कारण तिथे लिहिणाऱ्याची आवड-निवड उघडी पडते आणि आपली तिच्याशी जुळते का हे दोन-तीन पाहिलेल्या मालिकांवरून लगेच समजतं. नव्या वापरकर्त्याने सुरुवात खरं तर तिथूनच करावी: आधी पाहिलेल्या मालिकेचं पान वाचायचं, न पाहिलेल्याचं नंतर.

उणिवा ठळक आहेत. समलिंगी पुरुष इथे नाहीत, तो साइटचा विषयच नाही. 'हार्टस्टॉपर' घ्या: टारा, डार्सी आणि ट्रान्स मुलगी एल ही पात्रं साइटच्या कक्षेत येतात, पण ज्यांच्यावर मालिका उभी आहे ते निक आणि चार्ली येत नाहीत. ज्याला त्या दोघांसाठी मालिका पाहायची आहे त्याची इथली गुणपत्रिका दिशाभूल करील, कारण ती दुय्यम पात्रांवर बेतलेली असणार. चित्रपटगृहात लागणारे सिनेमे नाहीत. इंग्रजीतल्या मालिकांवर भर आहे, इतर भाषांतल्या नोंदी त्यामानाने कमी. आणि चालू मालिकेचं पान चार भाग मागे असू शकतं. स्वयंसेवकांकडून रातोरात नोंदीची अपेक्षा करणं बरोबर नाही, पण शेवटच्या भागाआधी पान वाचून निर्धास्त होणंही बरोबर नाही.

लेझवॉच जिथे संपते तिथे डझ द डॉग डाय कामी येते. २०१० मध्ये 'सिनेमात कुत्रा मरतो का' एवढ्याच प्रश्नावर सुरू झालेली ही साइट आता चित्रपट, मालिका, पुस्तकं आणि गेम्स यांच्याबद्दल शेकडो प्रश्नांची हो-नाही उत्तरं वापरकर्त्यांच्या मतांवरून देते. त्यांत एलजीबीटी पात्र मरतं का, कुणाला मुद्दाम चुकीच्या लिंगाने संबोधलं जातं का, हे प्रश्न आहेत. खातं उघडून आपल्याला महत्त्वाचे प्रश्न वर आणून ठेवले की दरवेळी लांबलचक यादी चाळावी लागत नाही.

मात्र इथे आकडा बघितल्याशिवाय उत्तरावर विश्वास ठेवू नये. तीन विरुद्ध एक मतांनी आलेलं 'नाही' आणि दोनशे विरुद्ध चार मतांनी आलेलं 'नाही' पडद्यावर जवळजवळ सारखंच दिसतं. मालिकांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे: पहिल्या सीझननंतर दिलेली 'नाही'ची मतं तशीच साठून राहतात, चौथ्या सीझनमध्ये पात्र मेल्यावर 'हो'ची मतं हळूहळू वाढतात, आणि मधला बराच काळ उत्तर उलटं दिसत राहतं. अशा वेळी मतांखालची टिप्पणी वाचावी. कोणता भाग, कोणता प्रसंग हे बहुधा तिथे असतं. अर्थात स्पॉयलरही तिथेच असतो. आणि प्रश्न फक्त मृत्यूचा आहे. पात्र जिवंत राहूनही तीन सीझन नुसतं रडत असेल तर हे यंत्र त्याबद्दल गप्प.

चित्रपटांसाठी लेटरबॉक्स्ड या चित्रपटप्रेमींच्या साइटवर लोकांनी केलेल्या याद्या बऱ्या. शीर्षकात 'क्वीअर' आहे म्हणून यादी न घेता तिच्या वर्णनात निवडीचा निकष लिहिलेला आहे का ते पाहा. निकष नसलेली हजार चित्रपटांची यादी म्हणजे पुन्हा तोच स्ट्रीमिंगचा कप्पा. ग्लाड ही अमेरिकी संस्था दरवर्षी दूरचित्रवाणीवरच्या एलजीबीटीक्यू पात्रांची मोजदाद प्रसिद्ध करते. उद्योग कुठे चाललाय हे कळायला ती उत्तम, आज रात्री काय पाहावं यासाठी निरुपयोगी. त्यांची २०१३ पासूनची व्हिटो रुसो कसोटी मात्र लक्षात ठेवावी. पात्र ओळखू येईल असं एलजीबीटीक्यू असावं, त्याची सगळी ओळख तेवढ्यावरच संपू नये, आणि त्याला कथेतून काढलं तर कथा लंगडी पडावी. लेझवॉचचं पात्राचं पान वाचून या तीन प्रश्नांची उत्तरं बहुधा देता येतात. नुसत्या पोस्टरवरून एकाचंही देता येत नाही.

पोस्टरवर तर भरवसा नकोच. एकाच शीर्षकासाठी वेगवेगळ्या प्रेक्षकांना त्यांच्या आवडीनुसार वेगळी चित्रं दाखवली जातात, हे नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये स्वतःच जाहीर केलं आहे. म्हणजे दोन मुलींचा जवळचा फोटो तुम्हाला दिसतोय याचा अर्थ मालिका त्यांची आहे असा होत नाही. नेटफ्लिक्सवर ब्राउझरमधून netflix.com/browse/genre/ या पत्त्यापुढे ५९७७ (5977) हा क्रमांक टाकला की हा विभाग थेट उघडतो, पण त्यात काय दिसेल ते त्या-त्या देशातल्या हक्कांवर अवलंबून.

कप्प्याचा दुसरा धोका सामायिक अकाउंटवर. ज्यांनी घरी सांगितलेलं नाही त्यांच्यासाठी 'पाहणं सुरू ठेवा' ही रांग मालिकेपेक्षा जास्त बोलते. नेटफ्लिक्सवर अकाउंटमध्ये आपलं प्रोफाइल निवडून पाहिलेल्यांची यादी उघडायची आणि शीर्षकापुढचं लपवण्याचं चिन्ह दाबायचं; एक भाग लपवल्यावर पूर्ण मालिका लपवण्याचा पर्याय येतो. लपवलेली गोष्ट पुन्हा पाहिली नाही तर शिफारशींसाठीही वापरली जात नाही. सगळ्या उपकरणांवरून ती जायला मात्र २४ तासांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसणार असतील तर दुपारी लपवून भागत नाही. मुलांच्या प्रोफाइलवर ही सोय नाही. चार आकडी पिन लावून प्रोफाइल बंद करता येतं, पण अकाउंटचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो पिन बदलू शकतो. म्हणजे भावंडांपुरतं ठीक, खातेदारापुढे नाही. शिफारशींचे ईमेल आणि सूचना वेगळ्या बंद कराव्या लागतात, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

यांतली एकच साइट निवडायची तर लेझवॉच, पुरुष पात्रांसाठी आणि चित्रपटांसाठी डझ द डॉग डाय. मतांवर चालणाऱ्या साइटवर आपलं मत द्यायला मिनिटही लागत नाही. 'हो' किंवा 'नाही' दाबून सोडू नका, खाली सीझन आणि भागाचा क्रमांक लिहा. लेझवॉचकडे सुटलेलं पात्र कळवताना मालिकेचं नाव, वर्ष, पात्राचं नाव, ते कोणत्या भागांत दिसतं आणि त्याची ओळख कोणत्या प्रसंगात स्पष्ट होते एवढं द्यावं. नुसतं 'ही मालिका राहिली' असं लिहिलं तर ती सगळी शोधाशोध कुणा स्वयंसेवकाला पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.