शिकागो युनिव्हर्सिटीचे फुकट मराठी शब्दकोश, जुनं काही वाचत असाल तर वापराच

परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी १८५४ साली मोरोपंत, वामनपंडित, तुकाराम अशा जुन्या कवींचं निवडक एकत्र छापलं त्याचं नाव 'नवनीत अथवा मराठी कवितांचे वेचे'. नवनीत म्हणजे ताजं लोणी, घुसळून वर काढलेलं, ते कळतं, पण वेचे? शाळेच्या पुस्तकात 'वेचा' वाचलेला असतो आणि अर्थ कधी कुणी सांगितलेला नसतो. त्यासाठी शिकागो युनिव्हर्सिटीची दक्षिण आशियाई शब्दकोशांची साईट उघडली आणि आता रोज उघडतेय इतकी आवडलीये.

लॉगिन नाही, पैसे नाहीत, आणि एकाच जागी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे-फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश, शिवाय वझे आणि बर्नसन यांचे कोश. वेचा आला वेचण्यावरून, म्हणजे शेतात सांडलेले दाणे किंवा झाडाखालची प्राजक्ताची फुलं जशी एकेक उचलतात तसं उचललेलं. आणि गंमत बघा, अँथॉलॉजी (निवडक लेखनाचा संग्रह) हा मूळ ग्रीक शब्दही फुलं गोळा करणं असाच आहे, अँथॉस म्हणजे फूल! दोन्हीकडे कुणीतरी वाकून निवडतंय. आपण सगळीकडे 'संकलन' लिहितो त्यात ही निवड दिसतच नाही, ढीग केला तरी ते संकलनच. मला तर वाटतं प्रकाशकांनी वेचे हा शब्द पुन्हा बिनधास्त वापरावा.

याच शोधात वेचणेचा दुसरा अर्थही समोर येतो, खर्च करणे. आयुष्य वेचलं म्हणतो ना आपण, तो. तुकोबांच्या 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी' मधला वेच हाच, खर्च. हे कळलं की अभंग लख्ख होतो.

वापरताना एक लक्षात ठेवा, मोल्सवर्थमध्ये जुनं शुद्धलेखन आहे, क्रियापद 'वेचणें' असं अनुस्वार देऊन छापलंय, तर तसंच टाईप करा. अर्थही तिथे इंग्रजीत आहेत, मराठीत हवे असतील तर सरळ दाते-कर्वे उघडा, त्यात जुन्या ग्रंथांतली उदाहरणंही देतात आणि मला तोच जास्त उपयोगी पडतो. आजचे नवे शब्द, ऑफिसातली परिभाषा वगैरे शोधायची असेल तर मात्र ही जागा नव्हे, हे बहुतेक कोश जुने आहेत.