जुना एमएच ट्रॅक्टर, अर्धवट कागद: आधी तिकडे निस्तरावं की एनओसी (ना हरकत दाखला) आणून इकडे?

निपाणी, चिक्कोडी, कागवाड, अथणी या आपल्या कर्नाटकातल्या सीमेलगतच्या पट्ट्यात जुना ट्रॅक्टर बघायला निघालं की पावलं आपोआप कोल्हापूर-सांगलीकडे वळतात. पाहुणे तिकडे, ओळखी तिकडे आणि भावही जरा जुळून येतो. यंत्र चांगलं निघतं. घोडं अडतं ते कागदावर. आरसी ज्याच्या नावावर तो माणूस वारलेला, कर्ज कधीच फिटलेलं पण पतसंस्थेचा बोजा अजून आरसीवर, नाहीतर आरसी बुकच 2019 च्या महापुरात भिजून गेलेलं. असा ट्रॅक्टर आवडला असेल तर पुढे दोन वाटा आहेत. मी त्यातल्या एकीने गेलो, माझे साडू दुसरीने. दोघांचं पाहून जे मत झालं ते सांगतो. तुमची परिस्थिती वेगळी असू शकते, हे आधीच मान्य.

तिसरी एक वाट आहे, ती बाजूलाच ठेवतो: पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घ्यायचं आणि एमएच नंबरवरच चालवत राहायचं. आपल्याकडे असं चालतं, पण बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावाच लागतो, हे मोटार वाहन कायद्याच्या 47 व्या कलमातच आहे. आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की गाडी कितीही हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला जातो. उसाच्या दोन ट्रॉल्या मागे लावून रात्री हायवेवर जाणाऱ्या ट्रॅक्टरला ही जोखीम घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता दोन वाटा.

पहिली: ट्रॅक्टर विकणाऱ्याच्या अंगणातच ठेवायचा. इसार द्यायचा, बाकी रक्कम राखून ठेवायची आणि जिथे मूळ नोंद आहे त्या आरटीओ कार्यालयात सगळं पुरं करून घ्यायचं. मालक वारला असेल तर फॉर्म 31 वर वारसाचं नाव, फॉर्म 35 वर बोजा कमी, बुक हरवलं असेल तर फॉर्म 26 वर डुप्लिकेट, जुनी नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर तिची बॅकलॉग एंट्री. रेकॉर्ड स्वच्छ झालं की फॉर्म 28 वर एनओसी आणि मगच ट्रॅक्टर कोगनोळी नाक्याच्या अलीकडे.

दुसरी: हातात आहेत तेवढ्या कागदांवर एनओसी काढायची, ट्रॅक्टर घरी आणायचा आणि आपलं नाव, नवा केए नंबर, राहिलेल्या दुरुस्त्या सगळं इकडच्या कार्यालयात एका दमात उरकायचं.

दुसरीचं आकर्षण मला समजतं. ट्रॅक्टर पहिल्या दिवसापासून आपल्या दारात. वारंवार सीमेपलीकडे जाणं नाही, एजंट आपल्या गावचा, सांगितलं की फोनवर उत्तर देणारा. पहिल्या वाटेत वारसाच्या नावाची एक फी जास्त जाते आणि आरसीवर मालकांचा आकडा एकाने वाढतो, पुढे विकताना गिऱ्हाईक त्यावरून घासाघीस करतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ट्रॅक्टर पसंत पडून, इसार देऊनही वापरता येत नाही. गळीत हंगाम तोंडावर असताना हे सोसणं सोपं नाही.

तरीही मी पहिली वाट धरली आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर तीच धरेन. कारण एकच, चेसिस नंबर.

एनओसीच्या अर्जावर चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा द्यावा लागतो. मी घेतलेल्या ट्रॅक्टरचा तो नंबर ग्रीस आणि वाळलेल्या चिखलाच्या थराखाली होता. विकणाऱ्यांच्या थोरल्या मुलाने डिझेल आणि तारेच्या ब्रशने जागा घासली, मी पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी फिरवली. आकडे एकेक करत उमटले आणि आम्ही बुकाशी ताडून बघायला लागलो. मधला एक आकडा बुकात 8 होता, लोखंडावर 3. पुन्हा ठसा घेतला, बोटाने चाचपून पाहिलं, 3 च. नोंद करताना कुणाच्या हातून कधी हे झालं ते आता कोण सांगणार? ज्यांच्या नावावर ट्रॅक्टर होता ते मामा तर वारलेले.

हा फरक फक्त एकाच ठिकाणी दुरुस्त होतो. ज्या कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये मूळ नोंद आहे तिथेच. त्यासाठी मोटार वाहन निरीक्षकाला ट्रॅक्टर डोळ्यांनी बघावा लागतो, जुनी विक्रीची कागदपत्रं बघावी लागतात. आमचा ट्रॅक्टर तिथेच अंगणात उभा होता, म्हणून तो कार्यालयापर्यंत नेणं ही वारसांच्या दृष्टीने सकाळची एक फेरी होती. डीलरकडचा जुना सेल लेटरचा फोटोही त्यांच्याच ओळखीने मिळाला. मी इकडून गेलो असतो तर मला कोण दारात उभं करणार होतं?

साडूंचं नेमकं उलट झालं. त्यांच्या ट्रॅक्टरचा मूळ मालक हयात होता, सह्या खऱ्या, बोजा नव्हता, फक्त बुक जुनं. म्हणून दुसरी वाट बिनघोर वाटली. एनओसी आली, ट्रॅक्टर आला. इकडे तपासणीत इंजिन नंबर जुळेना. मागे कधीतरी ब्लॉक बदललेला आणि त्याची नोंद केलेली नव्हती. इकडचे अधिकारी म्हणाले, एनओसीत जो नंबर आहे तोच आम्ही घेणार, बदल हवा तर मूळ कार्यालयातून करून आणा. त्यांचं म्हणणं चूक म्हणता येत नाही. पण मूळ कार्यालयाला तपासणीसाठी ट्रॅक्टर समोर हवा होता. म्हणजे तोच ट्रॅक्टर, तोडी सुरू झालेली असताना, भाड्याच्या ट्रकवर चढवून परत सीमेपलीकडे. विकणारे दादा चांगले होते, पण पैसे पूर्ण घेऊन झाल्यावर माणसाची निकड कमी होते. रोज फोन, रोज "उद्या जातो". साडूंना त्या हंगामात भाड्याचा ट्रॅक्टर लावावा लागला.

या प्रकरणात मला जाणवलेली गोष्ट अशी की अर्धवट कागदांतली कुठली त्रुटी नेमकी कधी वर येईल ते आधी कळत नाही. ती वर येते तेव्हा ट्रॅक्टर आणि विकणारा दोघेही मूळ कार्यालयाच्या जवळ असणं, यातच निम्मं काम होतं.

बोजाचंही तसंच. मामांनी ज्या पतसंस्थेकडून कर्ज घेतलं होतं ती अवसायनात, म्हणजे बंद करून हिशेब मिटवायला काढलेली होती. फॉर्म 35 वर सही कोण करणार? अवसायक. तो कुठे भेटणार? तालुक्याच्या सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे चौकशी केली की नाव कळतं. वारसांना हे तालुक्याच्या गावी बाजारहाट करता करता जमलं. फायनान्सवाल्याच्या लेखी संमतीशिवाय नावबदल होत नाही, त्यामुळे "कर्ज तर फिटलंय, बघू नंतर" म्हणून हे पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

वारसांच्या सह्या हा नाजूक विषय. मामांना एक मुलगा, दोन मुली. धाकट्या ताई पुण्याला. वारस दाखला आणि दोघी बहिणींचं ना हरकत प्रतिज्ञापत्र लागलं. कायद्याने मालक वारल्यावर 30 दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नावाचा अर्ज करायचा असतो. ती मुदत बहुतेक घरांत उलटून गेलेली असते, मग दंड भरून काम होतं. ताईंना सुरुवातीला वाटत होतं की भाऊ बघेल. त्यांना मी तो 2018 चा निकाल समजावून सांगितला: ताई, उद्या माझ्याकडून अपघात झाला तर नोटीस तुमच्या वडिलांच्या नावाने तुमच्या घरी येईल. त्या पुढच्याच सुट्टीला येऊन सही करून गेल्या. राहिलेली रक्कम आरसी स्वच्छ झाल्यावर द्यायची असं आधीच ठरलेलं होतं, त्याचाही उपयोग झाला असणार.

एका गोष्टीबद्दल मात्र मी तडजोड करणार नाही. मालक वारलेला असताना कोणी त्यांच्या सहीचे मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 "तयार आहेत" म्हणून समोर ठेवले तर उठून यावं. ती खोटी सही आहे, आणि पुढे काहीही निघालं तर पहिला प्रश्न ट्रॅक्टर ज्याच्या ताब्यात आहे त्याला विचारला जातो. मालक हयात नसेल तर दुसऱ्या वाटेचा विचारही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मालक हयात असेल, आरसी स्मार्ट कार्डवर असेल, बोजा नसेल, परिवहन पोर्टलवर नोंद पूर्ण दिसत असेल आणि चेसिस-इंजिन दोन्हीचे ठसे तुम्ही स्वतः घेऊन ताडले असतील, तर दुसरी वाट चांगली आहे. वेळ आणि पेट्रोल वाचतं. कलम 50 प्रमाणे परराज्यातल्या गाडीसाठी विकणाऱ्याला 45 दिवस आणि घेणाऱ्याला 30 दिवस असतात, तेवढं सांभाळावं. विमा नावावर करायला 14 दिवसच असतात, ते लोक विसरतात. एनओसीच्या अर्जावर 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर ती दिली असं कायदा समजतो, पण त्या आधारावर इकडे कोणी फाइल पुढे सरकवेल अशी आशा मी तरी धरणार नाही. कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा करावा.

इसार देण्याआधी ठसे, हे दोन्ही वाटांना लागू. सोबत पातळ कागद, मऊ पेन्सिल, तारेचा ब्रश न्यावा आणि विकणाऱ्याच्या समोरच नंबर वाचावेत.

आणि ट्रॉली. ट्रॅक्टरच्या सौद्यात ती "सोबत" म्हणून येते, पण तिचं पासिंग वेगळं, आरसी वेगळी, एनओसीही वेगळी. कित्येक ट्रॉल्या गावातल्या फॅब्रिकेशनमध्ये बनलेल्या आणि कधीच पासिंग न झालेल्या असतात. तिचा स्वतःचा कागद दाखवला तरच तिची किंमत धरावी, नाहीतर फक्त ट्रॅक्टरचा भाव करून मोकळं व्हावं.