४० लिटरची सॅक, आठ महिन्यांनंतर : प्राग ते क्राकोव आणि मग राजगड

सॅक घेतली ती दुकानात पाठीला लावून, आरशात वळून बघून, ‘मस्त दिसतेय’ एवढ्याच जोरावर. चूक तिथेच झाली. रिकामी असताना कुठलीही सॅक मस्तच बसते.

सप्टेंबरमध्ये मैत्रिणीबरोबर अठरा दिवस : प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, क्राकोव. ती ट्रॉलीवाली, मी सॅकवाली. कोल्हापूर सोडेपर्यंत यावर आमचं काही जमलं नाही. “तू काय हरिश्चंद्रगड चढायला चाललीयस का?” हा तिचा प्रश्न, आणि “तू काय लग्नाला?” हे माझं उत्तर. केबिनमध्ये सात किलोची मर्यादा आणि माझी रिकामी सॅकच एक किलो चारशे ग्रॅम. आईने बांधून दिलेले पेढे घरीच ठेवले, कारण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. भडंग आणि मेतकूट मात्र बसवलं.

प्रागमध्ये सॅक जिंकली, आणि दणदणीत जिंकली. हॉस्टेल माला स्ट्रानात, म्हणजे किल्ल्याखालच्या भागात, आणि व्हिएन्नाची गाडी सकाळची. पहाटे साडेपाचला चार्ल्स पुलावरून चालत स्टेशनकडे निघालो. सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ साली बांधायला घेतलेला हा पूल पाचशे मीटरच्या वर लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे, बहुतेक संतांचे, आणि तुडुंब गर्दीचा हा पूल त्या वेळी जवळजवळ रिकामा. खाली सगळी दगडी फरसबंदी. मी हात खिशात घालून नदी बघत चाललेले आणि मागून ट्रॉलीचा असा खडखडाट, की संत मंडळीही दचकून जागी व्हावीत! पलीकडे जुन्या शहरातल्या गल्ल्यांत तर मुठीएवढे चौकोनी दगड जडवलेले. तिथे तिच्या एका चाकाचं रबर निघालं ते शेवटपर्यंत मिळालं नाही.

व्हिएन्नात हिशेब फिटला. गुळगुळीत फुटपाथ, जिथे तिथे लिफ्ट. तिची ट्रॉली तीन चाकांवर का होईना, घरंगळत चाललेली. माझे खांदे तोवर लाल झाले होते.

याचं कारण समजायला मला राजगडापर्यंत थांबावं लागलं, तुम्ही आत्ताच वाचून घ्या. सॅकचं ओझं खांद्यांनी नाही, कमरेने उचलायचं असतं. हिप बेल्ट कमरेच्या हाडांवर घट्ट बसला की खांद्याचे पट्टे फक्त तोल सांभाळतात. पण त्यासाठी पाठीची लांबी जुळायला हवी. मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत टेप लावायची. माझी पाठ भरली ४० सेंटिमीटर. सॅक होती ४६ ची, आणि कमीजास्त करायची सोयच नाही. मी पाच फूट एक इंच, त्यामुळे बेल्ट कमरेऐवजी पार खाली सरकायचा आणि सगळं वजन खांद्यांवर. ‘सगळ्यांना चालते’ असं दुकानदार म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पावणेसहा फुटी पुरुष असतो, एवढं लक्षात ठेवा. बायकांच्या मापाच्या सॅक वेगळ्या मिळतात. पाठ आखूड, पट्टे जरा जवळजवळ. लिटर नंतर विचारा, आधी पाठ मोजा.

त्यात छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दारातच तुटलं. दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या चढायच्या होत्या. सॅक स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाकून आलो आणि मग चढलो. पैसे गेले, पण हा खर्च धरूनच चाला. बहुतेक संग्रहालयांत पाठीवर सॅक घेऊन आत सोडत नाहीत.

दुसरी तक्रार तोंडाची. सॅक फक्त वरून उघडते. डोंगरात हे ठीक, कारण तिथे संध्याकाळी एकदाच उपसायची असते. आठ बेडच्या खोलीत पहाटे पाचला तळातला मोजा शोधायला लागलात की प्लॅस्टिकच्या पिशव्यांची जी कुरकुर सुरू होते, ती ऐकून वरच्या बेडवरचा माणूस कुठल्याही भाषेत शिव्या देतो. आम्हाला स्पॅनिशमध्ये मिळाल्या. मैत्रीण पुस्तकासारखी ट्रॉली उघडायची आणि अर्ध्या मिनिटात मोकळी. मग मी कापडी पिशव्या केल्या : आतले कपडे निळ्यात, गरम कपडे लाल पिशवीत, खाऊ वर. निम्मा त्रास तिथेच गेला.

बुडापेस्टने आम्हाला घरचीच आठवण दिली. पेस्टमधल्या, म्हणजे नदीच्या पूर्वेकडच्या अर्ध्या शहरातल्या, जुन्या इमारती म्हणजे दगडी चाळीच : मधे चौक, चारी बाजूंनी लोखंडी कठड्याच्या गॅलऱ्या, गॅलरीतच एकेकाची दारं. फक्त गिरगावापेक्षा छत उंच. आमचं हॉस्टेल अशाच एकीत, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. ट्रॉली दोघींनी मिळून उचलली. तेव्हा मी काही बोलले नाही, पण चेहरा बोललाच असणार. मेट्रोत मात्र मीच अडचण. तिथली पिवळी एम-१ लाइन १८९६ ची, रस्त्याच्या थोडी खालून जाणारी, डबे बुटके आणि लहान. मी जरा वळले की मागच्या आजींना धक्का. गाडीत शिरण्याआधी सॅक पोटाशी घ्यायची, हे मुंबईच्या लोकलवाल्यांना सांगायला नको. मला कोल्हापूरकरणीला तिथे शिकावं लागलं.

क्राकोवमध्ये पाऊस. रेन कव्हर सॅकला बाहेरून झाकतं, पण पाठीची बाजू उघडीच राहते. जाकिटावरून ओघळलेलं पाणी तिथून आत. वावेल टेकडीवरून उतरेपर्यंत निळी पिशवी चिंब. तेव्हापासून आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालते, कव्हर घरीच ठेवते. सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि सूर मधेच तुटतो. ओले मोजे हातात धरून आम्ही ती दोनदा ऐकली. हॉस्टेलच्या काउंटरवरच्या मुलीला मी सांगितलं, दुसऱ्या महायुद्धात आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश लोक छावणीत राहत होते, बहुतेक बायका आणि मुलंच. तिला माहीत नव्हतं. तिने मोजे हीटरवर वाळत घालायला परवानगी दिली.

आउशवित्झलाही गेलो, नाझींच्या मृत्युछावणीत. मोठी बॅग आत नेता येत नाही. आत काचेमागे सूटकेसींचा ढीग आहे, त्यांवर मालकांनी रंगाने घातलेली नावं. दोघी परतीच्या बसमध्ये बोललो नाही.

परत आल्यावर थंडीत राजगड आणि दोनदा पन्हाळा-विशाळगड. कापड दणकट, राजगडाच्या चोर दरवाजातून वाकून शिरताना कातळाला घासली, ओरखडाही नाही. चेनी अजून लोण्यासारख्या. पण जानेवारीत डाव्या खांद्याच्या पट्ट्याची शिवण उसवली. कंपनीला फोटो पाठवले, बिल पाठवलं. तिसऱ्या ईमेलला ‘वापरामुळे झालेली झीज’ असं उत्तर आलं. चप्पल लाइनजवळ बॅगा शिवणाऱ्या काकांनी जाड दोऱ्याची दुहेरी टीप मारली, नवं बक्कल बसवलं आणि १२० रुपये घेतले. “मूळ शिवणच कच्ची होती,” म्हणाले.

उंच माणसाला गडांसाठी घ्यायची तर जरूर घ्या, बक्कल मात्र जादा जवळ ठेवा. माझ्या उंचीच्या कुणी घेऊ नये.

मैत्रिणीने गेल्या महिन्यात सॅक घेतली. ३६ लिटर, सूटकेससारखी पूर्ण उघडणारी, पाठ टेपने मोजून. परवा फोन करून माझं रेन कव्हर मागत होती. म्हटलं, अगं कव्हर राहू दे, काळ्या पिशव्यांचा रोल देते.