इंडेक्स की रजिस्टरची पानं? जुनं इंग्लिश घराणं शोधायला बसलात तर

१६७४ ला राज्याभिषेकाला रायगडावर आलेला हेन्री ऑक्झेंडन आपल्याला माहितीच आहे, पण इंग्लंडमधल्या पूर्व केंट परगण्यात त्याच्या भाऊबंदांत हेन्री किती निघतात बघायला गेलात की डोकं गरगरतं. बारहमचा हेन्री, ज्याची पत्रं अभ्यासक वाचतात, तो १६७० लाच वारला, म्हणजे गडावर आला तो हा नव्हेच. असले गुंते सोडवायचे तर चर्चची रजिस्टरं बघावी लागतात, आणि ती आता घरबसल्या दोन प्रकारे बघता येतात, एक म्हणजे नाव टाकून इंडेक्समध्ये (नोंदींवरून केलेल्या नावांच्या यादीत) सर्च, दुसरं म्हणजे पानांचे फोटो उघडून एकेक वाचत जाणं.

मी दोन्ही केलंय, तेही त्याच भागातल्या एका साध्या शेतकरी घराण्यासाठी. बड्या लोकांचं काय, हेराल्ड (घराण्यांची मानचिन्हं तपासणारे सरकारी अधिकारी) येऊन त्यांच्या वंशावळी लिहून घेऊन जायचे, केंटमध्ये १६१९ ला हे झालंय. साध्या माणसाचं नाव बाप्तिस्मा, लग्न आणि दफन, बहुतेक एवढ्या तीनच वेळा कागदावर येतं.

इंडेक्सचा स्पीड मान्यच. कुटुंब कुठल्या गावात होतं हेच माहीत नसेल तर दुसरा मार्ग नाही, शेजारच्या पाच गावांतली माणसंही एका झटक्यात समोर येतात. आडनावाचं स्पेलिंग दर पिढीला बदलतं, पण थोडं सैल सर्च केलं की निभतं.

पण माझं घोडं अडलं ते दफनांवर. मी वापरत होतो त्या इंडेक्समध्ये बाप्तिस्मे आणि लग्नं भरपूर, दफनं जवळपास नाहीतच. आता त्या काळी मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे एकाच बापाचे दोन जॉन चार वर्षांच्या अंतराने दिसतात, पुढे कधीतरी एका जॉनचं लग्न लागतं, आणि तो पहिला की दुसरा हे इंडेक्सला विचारून उपयोग नाही. लोक बिनधास्त पहिला जोडून मोकळे होतात, अशा कितीतरी वंशावळी ऑनलाइन फिरतायत ज्यात पाळण्यात गेलेल्या पोराला सात नातवंडं आहेत! फोटोत मात्र दोनचार पानं पुढे गेलं की दफनाची ओळ सापडते, ‘जॉन, अमक्याचा मुलगा’, विषय संपला.

तारखांचंही तसंच. १७५२ पर्यंत तिथलं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून जून १६२० ला लग्न आणि फेब्रुवारी १६२० ला मूल दिसलं तर लगेच भुवया उंचावू नका, तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६२१ चा. पानावर तो डिसेंबरच्या खाली असतो म्हणून आपोआप कळतं, इंडेक्समध्ये सुटी तारीख आली की वर्ष बदलून दिलंय की नाही कोण सांगणार?

फोटोंचा त्रास म्हणजे अक्षर. आपल्याकडे मोडी बघून जी अवस्था होते तीच, वर अधूनमधून लॅटिन. अठराव्या शतकापासून उलटं मागे जात वाचलं तर हळूहळू नजर बसते असं मला तरी वाटतं. बऱ्याच गावांत १६०० च्या आधीची पानं उलट सुवाच्य असतात, कारण १५९८ ला जुन्या नोंदी चामड्यावर उतरवायचा हुकूम निघाला आणि कुणीतरी सगळं एका हाताने लिहून काढलं. (त्यात नक्कल करणाऱ्याच्या डुलक्याही आल्याच.)

घाईत असाल, एवढंच हवं असेल की आजोबा कुठल्या गावचे, तर इंडेक्स घ्या, वाईट नाही. पण दोन पिढ्या खात्रीने जोडायच्या असतील तर मी सर्च फक्त गाव सापडेपर्यंत वापरतो आणि मग सरळ पानं उघडतो, वेळ जातो पण पुन्हा उसवावं लागत नाही. पान फाटलेलं असेल तर चर्चने दरवर्षी वरिष्ठांकडे पाठवलेली नक्कल बघायची, कँटरबरीकडे तर आर्चडीकनची (बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची) वेगळी आणि बिशपची वेगळी. १६४२ ते १६६० मधलं भगदाड मात्र बऱ्याच ठिकाणी दोन्हीकडे तसंच राहतं, बिशपच रद्द केलेले, नकला कुणाला पाठवणार, तिथे मृत्युपत्रं शोधायला लागायचं.